तुळस दोन बोटं फिरली

२ नोव्हेंबर

सकाळी जमीन फिरली. हलली नाही — फिरली, जातं फिरतं तशी. मी ओट्यावर दात घासत होतो. समोर तुळशी वृंदावनाचा वरचा दगड दोन बोटं वाकडा झालेला. डोळ्यांनी पाहिला.

मुलाला, प्रकाशला, फोन करेपर्यंत बायकोने सालदार कडूला लावून दगड सरळही करून घेतला! "तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, वाकडी तुळस बरी दिसते का?" पुरावा गेला.

चिरंजीव जवळच्या शहरातून, त्याच्या लालबागहून, डॉक्टर घेऊनच आले. "बाबा, जमीन नाही, तुम्हाला चक्कर येते." गोळ्या दिल्या. वर तंबी: पुन्हा फिरलं म्हणालो तर घराला कुलूप आणि मी लालबागला, त्याच्याकडे तिसऱ्या मजल्यावर. भूकंपाला घाबरणाऱ्या माणसाला तिसरा मजला! शिकलाय पोरगा.

६ नोव्हेंबर

भोपाळहून भूकंप मोजणारे आले. आजूबाजूला बारीक धक्के बसताहेत म्हणे. कपाशीच्या खोलीत एक डबा ठेवला. आत काचेचा केसाएवढा धागा, पाच किलोमीटर, गुंडाळलेला. त्यातून उजेड दोन्ही बाजूंनी सोडतात. जमीन फिरली की एक उजेड मागे पडतो. म्हणजे एकाची सुलटी प्रदक्षिणा, एकाची उलटी. देवाला चालत नाही, सरकारला चालते.

त्यांच्या निर्मलाबाई म्हणाल्या, "काका, हा डबा फक्त फिरणं मोजतो. हात नका लावू हां."

फक्त फिरणं! मग एवढा मोठा डबा माझ्या चक्करेसाठी आणला का? प्रकाशला विचारायला पाहिजे.

७ नोव्हेंबर

काही नाही. गोळी घेतली. तोंड कडू.

११ नोव्हेंबर

दुपारी फिरली! मी खांब धरला. लगेच भोपाळला निर्मलाबाईंना फोन. डब्यातलं त्यांना तिथे दिसतं.

"हो काका, फिरली. थोडीशीच, पण फिरली. तुम्हाला कसं कळलं?"

प्रकाशला फोन लावून तेच तीनदा ऐकवलं. "ठीक आहे बाबा, राहा तिथेच," म्हणाला. डॉक्टरला पण डब्यात बसव म्हटलं. गोळ्यांची बाटली उकिरड्यावर फेकली. बायको आज माझ्याशी जपून बोलते आहे.

१५ नोव्हेंबर

सकाळी फिरली, आजवर नव्हती इतकी. ओट्यावरून खाली पडलो. गुडघा फुटला. निर्मलाबाईंना फोन केला.

"नाही काका. आज सरळ रेघ आहे. डबा चालू आहे, मी दोनदा पाहिलं."

वृंदावनही सरळच आहे. बायकोला पाय घसरला म्हणून सांगितलं. उकिरड्यावर जाऊन बाटली शोधतो.