अठ्ठावीस रतलांचा मण

खामगाव,
२८ जून १९३८

प्रिय शालिग्राम,

हे चौथं पत्र. आधीची तीन मी फाडली. त्यातलं एक तर तिकीट लावून टपालपेटीपर्यंत नेलं आणि तसंच खिशात घालून परत आणलं. घरात मी एका जागी टिकत नाही. जेवता जेवता उठतो, उगीच अंगणात जाऊन येतो, वाचायला घेतलेलं पुस्तक उलटं धरलंय हे आई दाखवते तेव्हा कळतं. काल ती म्हणालीच, "पायाले भिंगरी बांधली काय बे तुह्या? का लग्न ठरलं अन् आमाले पत्ताच नाही?" मी हसलो. हसणं मला जमतं, हे तुला ठाऊक आहेच.

सगळ्यांना वाटतं की मी माझ्या निकालापायी असा झालोय. तसं वाटायला जागाही आहे. मॅट्रिक झालो खरा, पण तिसऱ्या वर्गात. गणितात एक्केचाळीस. एवढ्यावर नागपूरला सायन्सच्या दारात कोणी उभं करत नाही. अमरावतीच्या कॉलेजात आर्ट्सला जागा मिळेल. वामनराव हेडमास्तर मला बोलावून म्हणाले, "एक वर्ष पुन्हा बस, दुसरा वर्ग काढ, मग नागपूरला जा. घाई काय आहे?" बाबांचं मत उलटं. त्यांच्या लेखी पास म्हणजे पास. "एकदा मापलेला माल कोणी पुन्हा काट्यावर ठेवते काय?" असं म्हणून ते बाजारात निघून गेले. मी दोघांच्या मध्ये. सकाळी अमरावतीला निघालेला असतो, दुपारी पुन्हा मॅट्रिकला बसलेला असतो. ट्रंक दोनदा भरली आणि दोनदा उपसली.

शेवटी आठ दिवसांपूर्वी मी जाहीर करून टाकलं की मी पुन्हा बसणार. कारणही सांगितलं. नापास झालेला शालिग्राम एकटा पडेल, त्याला सोबत म्हणून. शाल्या, त्या दिवसापासून माझी जी वाहवा चालली आहे ती तू ऐकायला हवी होतीस. आईने डोळ्यांना पदर लावला. शेजारच्या झुंबरबाई आपल्या पोराला म्हणाल्या, दोस्ती पाहायची तर मोतीरामाची पाहा. वामनराव मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. बाबांनीसुद्धा वाद सोडला, आणि त्यांनी वाद सोडणं म्हणजे काय ते तू दोन वर्षं आमच्या घरी काढून शिकला आहेस. मी मात्र प्रत्येक शाबासकीला आणखी बेचैन होत गेलो. त्याचं कारण या पत्रात आहे. पण मला ते एकदम लिहिता येत नाही. जरा दम धर.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलास तो दिवस मला आज सारखा आठवतो आहे. सोनाळ्याहून ज्वारीच्या पिठाचं पोतं, वांग्यांची टोपली आणि डोक्याला एवढं तेल की आईने उशीला जुनं लुगडं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी मी तुला कापसाच्या बाजारात नेलं. बाबा मापारी, काट्यावर उभे होते. पहिलं माप पडलं आणि ते ओरडले, "लाभ!" मग दोन, तीन, चार. तू माझ्या कानात म्हणालास, "तुह्या बापाले एक येत नाही काय बे?" मला इतकं हसू आलं की एक गाडीवान खवळला. मग मी तुला ऐटीत समजावलं की मापारी कधी एक म्हणत नाही, पहिल्या मापाला लाभच म्हणायचं असतं. त्या दिवसापासून तुझ्या लेखी बाजारातलं सगळं मला कळत होतं. आणि मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही. वाढवलाच.

तुझी एक खोड आहे. पुस्तकातलं तुला पाठ असतं, पण कोणी ठासून बोललं की तू मागे सरतोस. तुला वाटतं, मी खेड्यातला, वांगी-मिरच्यावाला, याला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. माझी खोड याच्या नेमकी उलटी. मला पाठ काहीच नसतं आणि मी ठासून बोलतो.

फेब्रुवारीतली ती दुपार तुला आठवत असेलच. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाच्या मागच्या आवारात रुईच्या गठाणींवर बसून आपण कोष्टकं घोकत होतो. तू म्हणालास, "मोत्या, मण चाळीस शेराचा. ब्याऐंशी पूर्णांक दोन सप्तमांश रतल." मी तुला हसलो. म्हणालो, "तो मण तुमच्या कांद्याले. कापसाचा मण अठ्ठावीस रतलांचा. जलमभर काट्यावर उभा हाये माहा बाप, तू मले शिकवतं काय?" तू कोष्टक पुढे केलंस. मी ते पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, पेपर काढणारे वऱ्हाडातलेच असतात, कापूस म्हटलं की बाजाराचाच मण धरायचा. तू कोष्टक मिटलंस. मग वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलंस, कापूस असल्यास २८. ती वही तू इथेच टाकून गेलास. माझ्यासमोर आहे.

आणि गणिताच्या पेपरात नेमकं तेच आलं. एका जिनात दोन हजार अठ्ठावन्न मण कापूस आला, त्याची एक तृतीयांश रुई निघाली, तीनशे ब्याण्णव रतलांची एक अशा किती गठाणी होतील? सोळा गुणांचा प्रश्न, आणि पुढचा पोटप्रश्न त्याच उत्तरावर टेकलेला. बाहेर आलो तेव्हा तू शाळेच्या निंबाखाली माझी वाट पाहत होतास. "किती आल्या बे गठाणी?" मी म्हणालो, "एकोणपन्नास." तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की दौत सांडता सांडता वाचली. "मह्याही एकोणपन्नास. तुह्या बापाचा मण कामी आला बे." त्या दिवशी तू स्वतःच्या पैशाने मला भजी खाऊ घातलीस. मी एकच खाऊन बाकीची तुझ्याकडे सरकवली. तू विचारलंस तर म्हणालो, उन्हाने डोकं दुखतंय.

मग निकाल. बाकी सगळ्या विषयांत तू माझ्यापुढे, इंग्रजीत तर किती तरी पुढे, आणि गणितात एकोणतीस. चार गुणांनी गेलास. फळ्यासमोर तू रडला नाहीस. रडला असतास तर मला बरं वाटलं असतं. तू फक्त म्हणालास, "दोघाचं उत्तर एकच. तू पास अन् मी नापास. त्याहीनं उत्तर नाही पाह्यलं, मोत्या. नाव पाह्यलं." पेपरवर नाव नसतं, नंबर असतो, हे तुलाही ठाऊक आहे. पण माणसाला दुसरं कारणच दिसत नसेल तर त्याने काय करावं? तू त्याच दिवशी गाडी धरून सोनाळ्याला गेलास. मी तुझी पिशवी चौकापर्यंत उचलली.

परवा तुझ्या आई, अन्नपूर्णामावशी, बाजारात भेटल्या. तुझे बाबा, पुंजाजीकाका, कांद्याची गाडी घेऊन आले होते. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शालिग्रामनं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. म्हन्ते, आता पेरणी करतो, आपल्यासारख्याले तिथं पासच करत नाही. खरं हाये काय बापू?" मी म्हणालो, नाही मावशी. त्या म्हणाल्या, "मंग तू सांग त्याले. याचे बाबा तयार हायेत अजून एक वर्ष धाडाले. हाच आयकत नाही. तुह्यं आयकते तो. तुह्यं लय आयकते." आणि पदराखालून वांगी काढून माझ्या हातात दिली. ती वांगी आईने भरून केली. सगळे बोटं चाटत जेवले. मी उपाशी उठलो आणि तेव्हाच ठरवलं की आता पत्र फाडायचं नाही.

तर ऐक. माझं उत्तर एकोणपन्नास नव्हतं.

आधी एकोणपन्नासच आलं होतं. सुटसुटीत, अपूर्णांक नाही, काही नाही, कोणालाही खरं वाटावं असं. मी पुढच्या प्रश्नाकडे वळलोसुद्धा. पण डोक्यात तुझा आवाज सुरू झाला. मोत्या, मण चाळीस शेराचा. मास्तरांचा नाही, पुस्तकाचा नाही, तुझा आवाज. तू कधी चुकीचं पाठ करत नाहीस, हे मला त्या क्षणी जेवढं कळलं तेवढं दोन वर्षांत कळलं नव्हतं. मी आडवी रेघ मारली, ब्याऐंशी पूर्णांक दोन सप्तमांश धरून पुन्हा मांडलं आणि एकशे चव्वेचाळीस गठाणी लिहिल्या. तेही पूर्ण सुटलं. पुढचा पोटप्रश्नही सुटला. एक्केचाळीसातले सोळा गुण तेवढ्याचे आहेत. ते काढून टाक, मग पंचवीस राहतात. मी तुझ्या मणावर पास झालो, शाल्या, आणि तू माझ्या मणावर नापास झालास.

तुझी जागा माझ्यापुढे दोन बाकांवर होती. तू मान खाली घालून लिहीत होतास. तिथे बोलता येत नव्हतं, त्याचा दोष मी घेत नाही. पण निंबाखाली येत होतं. तिथे मी खोटं का बोललो? स्वतःला सांगितलं की उद्या सायन्सचा पेपर आहे, याचं मन कशाला मोडायचं. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला तुझ्यापुढे चुकलेलं दिसायचं नव्हतं. सायन्सचा पेपर झाला, इतिहासाचा झाला, निकाल लागला, आणि रोज ते सांगणं आणखी जड होत गेलं. फळ्यापुढे तू ते वाक्य बोललास तेव्हा माझं तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

आणि ते पुन्हा बसण्याचं माझं ठरणं? तेही सांगून टाकतो, म्हणजे पाटी कोरी होईल. तुझ्या शेजारी पुन्हा बसलो की आपण दोघं सारखे दिसणार, तुला बरं वाटणार, आणि मला हे कधीच सांगावं लागणार नाही. एक वर्ष घालवून मी गप्प राहायची सोय करत होतो. लोक त्याला दोस्ती म्हणत होते. काल बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हात उगारतील. त्यांनी बिडी पेटवली. मग म्हणाले, "काटा चुकला तं मालाले नाव ठेवू नाही." मी म्हणालो, पण तुम्हीच म्हणता की मापलेला माल पुन्हा काट्यावर ठेवत नाहीत. ते म्हणाले, "काटाच खोटा असन तं ते माप झालंच नाही. पारडं रिकामं कराचं, काटा सुधरवाचा, अन् पुन्हा लाभपासून." एवढं बोलून तोंड फिरवून निजले. आज सकाळी चहाच्या वेळीही माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणून हे पत्र. सोबत शाळेत पुन्हा नाव घालण्याचा अर्ज आहे. दहा जुलैच्या आत आला पाहिजे, नाहीतर जागा जाते. वामनराव मास्तरांनाही आज सकाळी सगळं सांगून आलो. अर्जावर तुझं नाव, गाव, वय मी लिहिलं आहे. तुझी आणि पुंजाजीकाकांची सही तेवढी बाकी आहे. मी बसत नाही. मी अमरावतीला जातो, तिसऱ्या वर्गात, मला शोभेल तिथे. तू बस. आमची मागची खोली तुझीच आहे, आई आजच झाडून घेते आहे, आणि मी तिथे नसेन, त्यामुळे तुला चुकीचं सांगायलाही कोणी नसेल. रागावलास तर रागाव, माझ्याशी बोलू नकोस, मी ते सोसेन. पण पुढच्या मार्चात पेपर हातात घेशील तेव्हा दुसऱ्यांदा बसलोय असं मनात आणू नकोस. तुझं माप अजून झालेलंच नाही. वहीच्या समासातलं ते २८ मी खोडून ही वही परत पाठवतो आहे. त्याच्या वर तूच आधी लिहिलेलं आहे, तुझ्या अक्षरात, चाळीस शेर. आता ते कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नकोस, माझ्या तर नाहीच.

तुझाच,
मोतीराम