वेंडेलची चकचकीत पाती

लाडक्या लॉर्ना,

डोंगरात थंडी आहे, पण मी ठणठणीत आहे. तुझा खोकला थांबला का?

तुझ्या भावाने, वेंडेलने, बाणांसाठी नवी चकचकीत पाती आणली. मला बघताच संशय आला. एक कुजक्या ओंडक्यात मारून पाहिलं, तर टोकच वळलं.

"भाऊजी, तुम्हाला सगळेच दुकानदार चोर दिसतात!" म्हणून तो हसला.

आज त्याने तसल्याच पात्याचा बाण एल्कवर सोडला. पातं खांद्याच्या हाडावर दुमडलं आणि ते मोठं हरीण जखमी होऊन पळालं. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला, पण सापडलं नाही.

"जगेल ते," वेंडेल म्हणतो, पण माझ्याकडे बघत नाही. उद्या तो घरी निघतोय.

मी माझी जुनी पाती घासून ठेवली आहेत. त्या जनावराला गाठल्याशिवाय खाली उतरणार नाही. काळजी करू नकोस.

तुझाच,
एमेट