उंबऱ्यावरचा दुसरा पेला

मामंजी,

परवा धाकट्या नातवानं फ्रान्सची वाइन आणली. तांबडी, पुष्कळ वर्षं मुरलेली, तीन जातींची द्राक्षं मिळून केलेली. बाटलीवरचं सगळं त्यानंच वाचून दाखवलं आणि मला म्हणाला, "आजी, तू नुसता वास घे हं, पिऊ नकोस." मेल्याला काय ठाऊक! बूच निघालं आणि लगेच ओतायला त्यानं बाटली तिरकी केली, तसा माझा हात आपोआप पुढं गेला. म्हटलं, "थांब की जरा. आधी कोंडलेला वारा जाऊ दे तिचा." सगळं घर माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. सून म्हणाली, "आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "निम्मं बापानं, निम्मं सासऱ्यानं." सगळे खो खो हसले, त्यांना वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मीही हसले, पण तेव्हापासून तुमची आठवण काही केल्या पाठ सोडत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी सांगलीजवळच्या हरिपूरहून उंब्रजच्या बाजूला तुमच्या घरी आले, आणि अंगाची हळद निघायच्या आत हे पलटणीत परत गेले. घरात उरलो तिघं. सासू म्हणून आत्याबाई, सासरे तुम्ही आणि डोक्यावरचा पदर सावरत भिंतीकडेनं चालणारी मी. तुमची मला लय भीती वाटायची. तुम्ही लष्करात गोऱ्या साहेबांच्या मेसचे हवालदार होता, निवृत्त होऊन वर्षं झाली तरी सकाळी दाढी करून, मिशा वळवून, कडक इस्त्रीचा सदरा घालून बाहेरच्या सोप्यात बसायचात. माझ्याशी बोलायचात ते आत्याबाईंच्या तोंडून. "त्यांना सांगा, चहात साखर कमी घालायला." मी दोन हातांच्या अंतरावर उभी, आणि निरोप आत्याबाईंमार्फत! तशीच रीत होती. सुनेनं सासऱ्यापुढं बसायचं नाही, तोंड वर करून बोलायचं नाही.

ती रीत मोडली माझ्या नाकानं. एकदा मी माजघरातून जाताना थबकले आणि आत्याबाईंना हळूच म्हटलं, "आत्याबाई, कणगीतले जोंधळे घामेजलेत." त्या म्हणाल्या, "झाकण तर उघडलंबी न्हाईस, तुला गं काय कळलं?" मी म्हटलं, वास येतोय. कणगी उपसली तर तळाला ओल धरलेली. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोललात. सोप्यातून, माझ्याकडं न बघता. "सूनबाई, नाक कुणाचं घेतलंस?" मी सांगितलं, वडलांचं. माझ्या वडलांची हळदीची दोन पेवं होती हरिपुरात. जमिनीत आडासारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपायचं, आणि भाव येईतो वर्षानुवर्षं तिला अंधारात ठेवायचं. वडील पेवाच्या तोंडाशी वाकून नुसत्या वासावर सांगायचे की आतली हळद कशी आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि कितीतरी वेळ मिशीला पीळ देत बसलात.

दुसऱ्या दिवसापासून तो खेळ सुरू झाला. दुपारची भांडी झाली की तुम्ही माजघराच्या उंबऱ्यावर काहीतरी आणून ठेवायचात आणि माझ्याकडं पाठ करून सोप्यात बसायचात. मी आतल्या बाजूला, दाराच्या आडोशाला. फडक्यात बांधलेलं काय आहे ते वासावरून ओळखायचं. "काय येतंय?" मी सांगायची, पेन्शिलीचा भुसा. जुना पट्टा. जांभळीची पानं. तंबाखू. सांगून झालं की तुम्ही विचारायचात, "आणि?" प्रत्येक वेळी तेच. "आणि?" मग मी पुन्हा नाक लावायची आणि खरंच आणखी काहीतरी सापडायचं. पट्ट्यात घाम असायचा, तंबाखूत गूळ असायचा. आत्याबाई चुलीपाशी भांडी आपटायच्या. "सासरा शिकारी अन् सून कुत्री! गाव हसंल." पण त्यांनाही मनातून गंमत वाटत होती हे मला ठाऊक होतं, कारण एकदा त्यांनीच फडक्यात हिंग बांधून ठेवला होता.

हे सगळं कशासाठी, ते मला खंडेनवमीला कळलं. शस्त्रांची पूजा मांडली होती. तुमची पदकं, पट्टा, संगीन, आणि त्या ओळीत एक काळपट बाटली. कागद कसरीनं खाल्लेला, बुचावर लाख. आत्याबाईंनी तिला हळदकुंकू वाहून उभी केलेली, आणि पूजा आटोपताच तुम्ही ती आडवी करून रांजणाखालच्या वाळूत नेऊन ठेवलीत. दोन दिवसांनी बघते तर वाळूतच पुन्हा उभी. तुम्ही परत आडवी केलीत. असं त्या घरात वर्षानुवर्षं चाललं होतं म्हणे! "आगं, बूच सुकतंय, आडवीच ठिवायची आसती," तुम्ही सांगायचात, आणि आत्याबाई म्हणायच्या, "मला आडवी बाटली दिसली की आडवा माणूस दिसतोय." त्यांच्या वडलांना दारूनं खाल्लं होतं. तुम्हालाही ते ठाऊक होतं, म्हणून कधी आवाज चढवला नाहीत. नुसते जाऊन आडवी करून यायचात.

साहेबानं विलायतेला परत जाताना दिलेली ती फ्रान्सची वाइन, लढाईच्या आधीची. मेसमध्ये साहेब लोक उठून गेले की पेल्यांच्या तळाशी राहिलेल्या घोटावर तुम्ही शिकला होता. तुमच्या तोंडून मी ऐकलं की नव्या वाइनला महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखा वास येतो आणि जुनी झाली की ती मातीकडं जाते. तिच्यात तीन जातींची द्राक्षं. एक कडक, एकटी असली तर तोंड आवळणारी. दुसरी मऊ, ती एकटी असली तर ढेपाळणारी. तिसरी चिमूटभर, वासापुरती. "एकमेकीला धरून म्हातारी हुत्यात बघ," तुम्ही म्हणालात. मी सोप्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं आणि पदरात हसले.

तुम्हाला ती लेकाबरोबर प्यायची होती. हे रजेवर आले तेव्हा तुम्ही बाटली काढून पुढं ठेवलीत, मी दारातून बघत होते. ह्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "आबा, ह्यात सोडा किती घालायचा? का नुसतं पाणी?" तुम्ही बाटली उचललीत आणि वाळूत नेऊन ठेवलीत. वाईट माणूस नव्हते हो हे, रम पिणारा फौजी गडी, त्यांना काय कळणार! पण तुमची मान त्या दिवशी जी खाली गेली, ती मला आजही दिसते.

उन्हाळा आला तसं तुम्हाला काळजीनं ग्रासलं की घरात लय गरम होतंय, आतल्या आत मरंल ती. मी आडोशातून म्हटलं, "मामंजी, आमच्या पेवात ठेवूया की. तिथं बारा महिने गारवा असतो." आणि आपण निघालो, एसटीनं, सांगलीला. तुमच्या मांडीवर वाकळेत गुंडाळलेली बाटली, आडवी. दारूबंदीचा धाक होता. परमिट तुमच्याकडं होतं, पण चारचौघांत शोभा नको होती. कंडक्टरनं विचारलं, "आबा, काय हाय वाकळंत?" तुम्ही चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगितलंत, "म्हातारं मानूस हाय, निजलंय. धक्का लावू नगंस." मला हसू आवरेना, मी खिडकीबाहेर बघत बसले. हरिपुरात माझ्या वडलांनी कपाळाला हात लावला, पण हळदीच्या वर पोत्यात गुंडाळून ती ठेवली आणि स्वतःच्या हातानं तोंड लिंपलं. तुम्ही दोघं व्याही त्या पेवाच्या कडेला कितीतरी वेळ बसून होता. मी लांबून बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मग वडील गेले. भाऊ म्हणाला, पेव उघडून हळद काढतो, तुमचं म्हातारं घेऊन जावा. तोवर तुम्हालाही दम लागायला लागला होता, साताऱ्याच्या डॉक्टरनं तुमचं जिना चढणं बंद केलं होतं. बाटली आली त्या दुपारी तुम्ही म्हणालात, "आता कुणाची वाट बघू? आज उघडू." आणि थोड्या वेळानं, "पर मेलेली निघाली तर?" इतकी वर्षं जपलेली, सगळ्या घरानं टोमणे मारलेली बाटली.

बूच अर्धं निघालं, अर्धं भुगा झालं. तुम्ही उजेडासमोर धरून, गाळ मागं ठेवत, मेसमधल्या दोन काचेच्या पेल्यांत ओतलीत. नाकाशी नेलीत, आणि तुमचा चेहराच उतरला. मलाही दारापर्यंत वास आला. शेवाळलेल्या आडाचा, ओल्या फडक्याचा. "गेली, सूनबाई," तुम्ही म्हणालात. "उगं वाट बघितली." आत्याबाई आतून म्हणाल्या, "मग मोरीत वता अन् सुटा." तुम्ही पेला घेऊन उठलातच, तशी मी रीत विसरून उंबऱ्याबाहेर आले. "मामंजी, थांबा! आमच्याकडं पेव उघडल्यावर कुणी लगेच उतरत न्हाई. कोंडलेला वारा मारतो माणसाला. कंदील सोडून बघायचा, इझला तर परत बसून राहायचं. वडील म्हणायचे, पेव उघडलं की तोंड फिरवून बसावं. वारा गेला की मग हळदीचा वास येतो." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. लग्नानंतर पहिल्यांदा, सरळ. आणि बसलात.

आपण तोंडं फिरवून बसलो. तुम्ही अंगणाकडं, मी चुलीकडं. आत्याबाईसुद्धा भांडी आपटायच्या थांबल्या. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, शेळ्या परत आल्या. मग तुम्ही पेला उचललात. मला फक्त पाठ दिसतेय. ती पाठ ताठ होते, आणि मग हळूहळू सैल पडते. तुम्ही दुसरा पेला उचलता, न वळता हात मागं करता आणि तो उंबऱ्यावर ठेवता.

आत्याबाईंनी ते बघितलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. त्या उठल्या, परसदारी गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

मी पेला घेतला. त्या घाणीचा मागमूस नव्हता. रंग काठाला विटकरी झालेला. घोट तोंडात धरला, तुम्ही शिकवल्यासारखा. तीत दारूचा भडका नव्हता. जिभेच्या कडा जांभळाच्या बीनं आवळतात तशा जरा आवळल्या आणि लगेच सुटल्या. गिळल्यावरही ती जाईना, तोंडातच राहिली.

"काय येतंय?" तुम्ही पाठमोरे.

"जांभूळ. सुकलेलं."

"आणि?"

"तंबाखू. पेन्शिलीचा भुसा. पाऊस पडून गेलेली माती."

"आणि?"

मी परत नाक लावलं. आणि म्हटलं, "आणि काय न्हाई, मामंजी."

तुम्ही मान हलवलीत. "साहेबानं दिली तवा म्हनला हुता, एकटा पिऊ नगंस," एवढंच बोललात, आणि आवाज फुटला म्हणून खाकरलात. मी पदर तोंडात धरून रडले. तुम्हाला ऐकू आलं असणार.

पुढच्या सुगीला तुम्ही नव्हता. त्या वर्षीच्या खंडेनवमीला आत्याबाईंनी तुमची पदकं मांडली, पट्टा मांडला आणि शेवटी ती रिकामी बाटली आणली. मी बघत होते. त्यांनी ती पुसली, हळदकुंकू वाहिलं आणि आडवी ठेवली. ओळीत सगळ्यात पुढं, आडवी. वर म्हणाल्या, "बूच न्हाई म्हनून काय झालं." त्या होत्या तोवर ती तशीच असायची, आणि आता मी ठेवते.

हरिपुरातली पेवं नंतर पुराच्या पाण्यानं खाल्ली. हेही गेले. हे पत्र कुठं टाकणार, टपालपेटीत का कृष्णेत, म्हणून ते इथंच फडताळात राहणार आहे. परवाची वाइन चांगली होती, मामंजी. वारा गेल्यावर ती खुलली, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. नातवानं विचारलं, "काय येतंय, आजी?" मी म्हटलं, जांभूळ. तो खूश झाला आणि दुसऱ्यांचे पेले भरायला गेला. मी कितीतरी वेळ पेला धरून बसले. "आणि?" असं कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं आणि मी न्हाई म्हणाले. सुनेनं सासऱ्याला असलं सांगायची रीत नव्हती. येत होतं, मामंजी. माझ्या बापाच्या सदऱ्याचा वास येत होता, आणि तो बाटलीतून येतोय का तुमच्याकडून, हे मला एवढं नाक असूनही सांगता आलं नसतं.