गाद म्हणजे गाळ नव्हे

करडी,
६ जुलै २०२४

चि. चंदनला ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसता हो ताई, हो ताई करत ड्यूटीवर पळतोस, म्हणून पत्र.

आपल्या तलावात मासा उरला नाही हे तुला ठाऊक आहेच. बेशरमच्या झुडपांनी काठ गिळला. मच्छीमार सोसायटी दरवर्षी बाहेरचं बीज आणून सोडते, ते वाढतं, विकलं जातं, संपतं. आपली मरळ कुठे गेली, दाडक कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. आम्ही मासे विकणाऱ्या बाराजणींनी विचारलं. उन्हाळाभर एका कोपऱ्यातलं बेशरम मुळासकट खोदून काढलं आणि नाकाडोंगरीकडच्या बोडीतून, त्या लहान तळ्यातून, पाण्यातल्या वनस्पती डोक्यावर वाहून आणून लावल्या. अध्यक्ष मनिरामभाऊ पोट धरून हसले. पाण्यात गवत कायले लावून राहिल्या, मासा का बकरी आहे का, म्हणाले.

तरी त्यांनी ठराव केला. सप्टेंबरच्या सभेपर्यंत कोपऱ्यात आपला मासा परतला, तर पूर्ण तलावात आमची पद्धत आणि आम्हा बायकांना सोसायटीचं सभासदत्व. नाही परतला, तर कोपरा परत आणि तोंड बंद. तीस वर्षं मासे विकते आहे रे, पण कागदावर मी कोणीच नाही. हे मला मिळवायचंच आहे.

महिनाअखेरीस चार मित्र घेऊन ये. कोपऱ्यातल्या गादीचं जरा बघायचं आहे. सौ. डिंपलला आशीर्वाद. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी ताई

करडी,
१५ जुलै २०२४

चि. चंदन यास,

आशीर्वाद पुढच्या पत्रात.

काल आम्ही सगळ्या बाजारात होतो. परतले तर काठावर हिरवा ढीग, आणि माझ्याआधी परतलेली आमच्यातली गीताबाई कपाळाला हात लावून बसलेली. तू न सांगता आठ मित्र घेऊन आलास, फावड्यांनी अर्धा कोपरा साफ केलास आणि मला अचानक खूश करायचं म्हणून न भेटताच गेलास. करायला गेलास गणपती आणि झाला मारुती!

अरे, गाद म्हणजे गाळ नव्हे. गाद म्हणजे ते काड्यांसारखं उभं गवत. त्याच्या बुडाशी किडे राहतात, किड्यांवर पिल्लं जगतात, त्याच्या आडोशाला मरळ अंडी घालते. ती कमी पडत होती, आणखी लावायची होती. मनिरामभाऊ गावभर सांगत सुटले आहेत की बाईच्या भावानंच निकाल लावला. मला रडू आवरत नाही. काय करू ते कळव.

ताई

जवाहरनगर,
१९ जुलै २०२४

ती. ताईस चंदनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

चूक माझीच. दहा वर्षांचा असताना मामाकडे इकडे आलो. इथे टाकीच्या तळाला बसलेल्या घाणीला सारे गाद म्हणतात. तुझं पत्र वाचलं आणि तेच डोक्यात बसलं. डिंपल म्हणते, ढिवराच्या पोराले गाद माहीत नाही, याले चहा कायले द्यायचा. दोन दिवस दिलेला नाही.

रडू नकोस. चार दिवसांची रजा टाकली आहे. नाकाडोंगरीकडून गादीची रोपं घेऊन तेच आठ जण परवा येतो. या वेळी तू काठावर उभी राहून सांगायचं, आम्ही फक्त ऐकायचं. पुढचा प्रत्येक रविवार तुझा. पाहिजे तितकं रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझा चंदन

करडी,
२९ सप्टेंबर २०२४

चि. चंदनला ताईचे पोटभर आशीर्वाद, मागचे धरून. वि. वि.

जिंकलो रे!

बुधवारी मनिरामभाऊ स्वतः तपासायला आले, खांद्यावर जाळं घेऊन. कोपऱ्यात पाणकोंबड्या फिरत होत्या. जाळं फेकायला त्यांनी हात उचलला आणि तेवढ्यात गादीमधून पाण्यावर लालभडक पिल्लांचा गोळा आला, शेकडो पिल्लं, आणि खाली राखण करणारी मरळ, हातभर लांब. भाऊंचा हात वरच राहिला. मागच्यांना ओरडून म्हणाले, मागं सरा, जाळं नोको टाकजा, लेकरं आहेत. मग तिथेच चिखलात बसले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. वीस वर्षांत पाहिलं नव्हतं म्हणाले.

तुला चढवत नाही, मरळ तू न उपटलेल्या भागात निघाली. पण तू पुन्हा लावलेल्या गादीत दाडकांची झुंड आहे. आता डिंपलनं चहा द्यायला हरकत नाही.

आज सभेत पहिला हात भाऊंचा. पूर्ण तलाव आमच्या पद्धतीने, आणि बाराही जणी सभासद. सचिवांनी सवयीनं रजिस्टरात माझ्या नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं. मी ते खोडायला लावलं. नाव माझं लिहा म्हटलं, आणि धंदा मासेमारी. खाली सहीही मीच केली.

पुढच्या रविवारी ये. तुझ्यावरची माया कोणत्याही ठरावानं कमी होणार नाही.

तुझी ताई,
रुखमिणी,
सभासद