निखिलने सांगितलेले कबाब

८ जानेवारी, गुरुवार
आज पुन्हा वास आला. दुपारी चारच्या सुमारास, स्वयंपाकघरात. भाजलेला कांदा, जिरं आणि भाजलेलं मांस. ह्यांना बोलावलं. दारातच उभं राहून म्हणाले, "मला तर नुसता चहाचा येतोय." इथे पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत मांस खाणारं कोणी नाही. निखिलला जाऊन चार महिने झाले. तेराव्यानंतर सुरू झालंय हे.

९ जाने.
लिहूनच टाकते. मागच्या उन्हाळ्यात निखिल पुण्याहून सुट्टीवर आला होता. मी यावलला नणंदेकडे, अक्कांकडे गेले होते. संध्याकाळी येणार होते, दुपारीच आले. हा गॅसवर कबाब भाजत होता. म्हणाला, "तुर्की पद्धतीचे आहेत आई. हॉटेलात परवडत नाहीत, घरी अगदी स्वस्तात होतात." या घरात कधी अंडंही शिजलं नव्हतं. मी तवा उचलला आणि मागच्या अंगणात उपडा केला. वर म्हटलं, "हे खायचं असेल तर या घरात येऊ नकोस."
आला नाही. सप्टेंबरात ताप, तिकडेच हॉस्पिटल, सहा दिवस. मी पोचले तेव्हा शुद्ध नव्हती.
शेगडी त्या दिवशी तीनदा घासली होती.

११ जाने., रवि.
मेहरूणला गेले, रेहानाभाभींकडे. त्यांचा आमिर आणि निखिल शाळेपासूनचे. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी पाणीही प्यायले नव्हते. आज चहा घेतला. कप संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हटलं, "निखिल ते कबाब करायचा ना, ते मला शिकवा."
भाभी आत गेल्या. मग आमिरचा फोन घेऊन आल्या. "ताई, निखिलनेच आमिरला बोलून पाठवलेलं आहे. ऐकाल?"
ऐकलं. "मटण परवडत नसेल तर चिकनचा खिमा घे, थोडी मटणाची चरबी घाल. कांदा किसून पिळून काढ, पाणी राहिलं तर कबाब सुटतात. तो तुर्की आंबट मसाला इथे मिळत नाही, आमचूर चालेल..." आणि मागून माझा आवाज. "निखिल, मी निघाले रे, दार लावून घे." तो, "हो आई." कडी लागली. मग हळूच, "गेली. आता पुढचं सांगतो."
पुढचं मला ऐकवेना.

१४ जाने., संक्रांत
यंदा तिळगूळ नाही. अक्कांचा फोन. मेहरूणला जाते ते त्यांना कुठून तरी कळलंय. "तुले काय झालं व माय? पोरगं गेलं तं धरम बी सोडशीन का?" काय सांगणार. वास येतो म्हणून?

१८ जाने., रवि.
भाभींकडे. खिम्यात हात घातला. गार. हॉस्पिटलात त्याचा हात धरला होता, तो...
बाहेर जाऊन उलटी. भाभींनी पाठीवरून हात फिरवला. "राहू द्या ताई. कोणाची जबरदस्ती आहे?" परत आत गेले. पिळलेला कांदा, बारीक चिरलेली लाल ढोबळी मिरची, तिखट, जिरं, आमचूर, शिळ्या पावाचा चुरा. चिकट होईपर्यंत मळायचं. सळया नसल्या तर तव्यावरच लांबट थापायचे, बोटांनी दाबत जायचं. भाभी म्हणाल्या, "निखिलचे वाकडेच व्हायचे." दोघी हसलो. घरी येताना रिक्षात रडले.

२३ जाने.
ह्यांना सांगितलं. रविवारी आपल्या घरात करणार. पेपर खाली ठेवला नाही. "कर," म्हणाले. एवढंच.

२५ जाने., रवि.
केले. खिमा भाभींनी आणून दिला. सहा थापले, दोन फुटले. फोटोपुढे ठेवायचे होते. तिथे समई, हार. हात होईना. टेबलावरच ताट ठेवून बसले.
हे आले, समोर बसले. एक उचलला, मोडला, खाल्ला. सगळा. 
"त्याचे जरा तिखट असायचे," म्हणाले.
"तुम्हाला काय माहीत?"
"मी पुण्याला गेलो की करायचा, खोलीवर. आईला सांगू नका म्हणायचा. ती दोन दिवस जेवणार नाही."
"मी तवा उपडा केला, त्याच्यानंतरसुद्धा?"
"ऑगस्टात गेलो होतो ना. तेव्हाही केले. तुझं विचारत होता."
"काय विचारत होता?"
 हे उठले, हात धुवायला गेले. किती वेळ झाला, परत आले नाहीत.
एक कबाब मी माझ्याकडे ओढून घेतलाय. अजून मोडला नाही. आत नळ चालूच आहे.