टावेलाखालचं गणित

गंगावेस, कोल्हापूर
रविवार, ता. ११ ऑक्टोबर १९९८

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या केरबाचा तुझ्या पायावर डोकं ठेवून दंडवत. (गुडघा दुखतोय म्हणून लांबूनच ठेवलंय.) तिकडं आजऱ्याला भात कापणीला आलं असंल. म्हस व्याली काय, आणि रेडा झाला का रेडी, ते कळव. आम्ही इकडं खुशाल हाय. आम्ही म्हणजे मी आणि आपल्या विजयसिंहाची थोरली, राजनंदिनी. सूनबाईला दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं अंथरुणावरनं उठायचं न्हाई म्हणून सांगितलं, तवा जूनमध्ये विजयसिंहानं पोरगी माझ्याकडं आणून सोडली, पहिलीत नाव घातलं आणि चिंचवडला परत गेला, हे तुला ठाऊकच हाय. आता नातू झालाय, बाळ-बाळंतीण ठणठणीत हाईत, आणि दिवाळी झाली की पोरगीला न्यायला येतो म्हणून त्याचा फोन आलाय. न्या म्हणावं. मी सुटलो एकदाचा. तुझी भावजय जाऊन दोन वर्सं झाली, अजून मला जिऱ्याचा डबा सापडंना (आणि तिनं तो माझ्यापास्नं मुद्दाम लपवला असणार), त्यात ही पहिलीतली पोरगी. साठीच्या माणसाला पहिलीत बसवणं हा काय न्याय हाय काय?

झालं काय, गणपती उठले आणि शाळेत पालकांची सभा झाली. बाकीच्यांच्या आया आलत्या, मी एकटा पटकेवाला. बाई चांगल्या हाईत, पण सांगायला लागल्या की थांबत न्हाईत. म्हणाल्या, सुगीचे दिवस हाईत, पोरांना पानं दाखवा, दाणे दाखवा, घरातल्याच वस्तू मोजायला द्या, रोज अर्धा तास जवळ बसा आणि ओरडू नका. हे शेवटचं माझ्याकडं बघून म्हणाल्या. (जन्मभर जनावरांच्या बाजारात दलाली केली, आता मी हळू बोललो तरी बैल वळून बघतोय, त्याला काय करू?) तरी मनावर घेतलं. पैला अभ्यास शेंगांचा केला. नव्या ओल्या शेंगा आणल्या, उकडल्या, मांडल्या. वजाबाकी फक्कड जमली, दोघांचीबी. बेरजेला शेंगाच उरल्या न्हाईत. मग बाईंनी मूळ-खोड-पान दाखवायला एक रोप आणायला सांगितलं. नवरात्र चाललंतं, घरात घट बसलाता, धान चांगलं चार बोटं वर आलंतं. पोरगीनं पाचव्या माळेलाच त्यातली मूठभर रोपं मुळासकट उपटली आणि दप्तरात घालून शाळेला गेली. मी देवीपुढं हात जोडले, म्हटलं, आई, शाळेचं काम हाय, रागवू नगंस. आता पोरगीला ओरडायचंबी न्हाई, मग मी करतो काय?

नाव लिवायचं तर विचारूच नगंस. राजनंदिनी विजयसिंह एवढं पाटीवर लिवून हुईस्तोवर पोरगीला भूक लागती. आपल्या आईबानं माझं केरबा ठेवलं, तुझं धोंडू ठेवलं, लिवणाऱ्याचा जरा तरी विचार केला.

मग मी म्हटलं, बाई घरातली वस्तू म्हणतात तर आपल्या घरात वस्तू कंची? माझ्या खांद्यावरचा टावेल. बाजारात आमचं कसं असतंय ते तू बघितलंच हाईस. ओरडायचं ते बैलाच्या कौतुकाला, भाव मात्र टावेलाखाली. समोरच्याची दोन बोटं दाबली की दोन, पंजा धरला की पाच, पंजा धरून मग तीन दाबली की आठ. शेकडा का हजार तेवढं तोंडानं म्हणायचं, बाकी शेजारी हुबा असला तरी त्याला पत्ता लागत न्हाई. मी पोरगीला तेच शिकवलं. रोज दिवेलागणीला सोप्यात टावेल टाकून आम्ही बसायचो. ती दाबायची, मी वळखायचो, मग मी दाबायचो. आठवड्यात पोरगी अशी तयार झाली म्हणून सांगू, तिनं मला दोनदा फसवलं. एकदा तर मी उगंच फसल्यागत केलं. हसली की तिच्या पडलेल्या दाताची खिडकी दिसती.

आणि मग आली सहामाही. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, सात आणि दोन किती? पोरगीनं छातीवरच्या रुमालाची पिन काढली, रुमाल बाईंच्या हातावर टाकला आणि खालनं पंजा दाबून मग चार बोटं दाबली. बाईंना वाटलं पोर भ्याली. त्यांनी डोकं कुरवाळलं, म्हणाल्या, तोंडानं सांग. तर ही म्हणती, “तोंडानं सांगायचं न्हाई बाई, शेजारचं ऐकतंय की.” आता हे एवढ्यावर मिटलं असतं. पण बाईंनी वर्गाकडं बघितलं तर मागच्या बाकावरनं पुढच्या बाकापर्यंत समद्यांचे रुमाल सुटलेले, आणि खालनं उत्तरं चाललेली. हिनं आख्ख्या वर्गाचा बाजार भरवलाता.

मला बोलावणं आलं. पहिलीच्या बाकावर बसलो तर गुडघे हनुवटीला लागले. बाई म्हणाल्या, आबा, हे काय शिकवलंय? मी दाखवायला म्हणून टावेल उचलला, मग ध्यानात आलं की समोर बाईमाणूस हाय, आणि त्याच टावेलानं तोंड पुसलं. बाई हसल्या. म्हणाल्या, तिचं गणित बरोबर हाय, पण ती वर्गात कुणाशी बोलत न्हाई. रुमालाखालनं तेवढी बोलती. तिला मोठ्यानं बोलायला शिकवा. आक्का, आमच्या घरात कोण मोठ्यानं बोलतंय? मी बाजारात लई ओरडलो, पण घरात बोलायची ती तुझी भावजय. ती गेली तशी मी सांजच्याला बातम्यांना रेडू लावतोय, आणि पोरगी रेडूकडं तोंड करून जेवती. घरी येताना मला लई वाईट वाटलं.

बाकी सगळं क्षेम. दिवाळीला गूळ पाठवतो.

तुझा,
केरबा

ता. क. मुद्द्याचं ऱ्हायलंच. विजयसिंह तुझ्या शब्दाबाहेर न्हाई. त्याला कळव की मधीच शाळा बदलली की लेकराचं नुकसान हुतंय, पोरगीची पहिली कोल्हापुरातच पुरी हुऊ दे. बाईंनीच सांगितलंय म्हण. (बाईंनी असं काय सांगितलेलं न्हाई.) वर सुटलो म्हणून लिवलंय ते खरं धरू नगंस.

आणखी ता. क. विजयसिंहाला काय कळवू नगंस. पाकीट चिकटवायच्या आधी म्हटलं, जिचा सौदा तिला तर विचारावं. टावेल टाकला, म्हटलं, भाव दिवसात, एका बोटाला एक दिवस. आबाजवळ अजून किती ऱ्हातीस? तिनं पंजा दाबला, मग दुसरा दाबला. दहा. मला वाटलं, बोली चांगली हाय, जरा चढवून घीन. म्हणून म्हटलं, आणि आईजवळ? तिनं एक पंजा दाबला, दुसरा दाबला, परत पैला, परत दुसरा. मग टावेल खाली ओढला, फरशीवर बसली आणि माझ्या पायाची बोटं धरायला लागली. तीबी संपली. तवा मान वर करून, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “आबा, बोटं संपली की.” बाईंना सांगायला पायजे, पोर मोठ्यानं बोलली. तिला आईकडंच जाऊ दे.

शेवटचं. भाऊबिजेला भावानं भैणीकडं जायचं असतंय, मला ठाऊक हाय. ह्या खेपेला तूच ये, आणि पोरगी गेल्यावर थोडी ऱ्हा. येताना मूठभर काजू आण, मोजायला. काल पोरगी खेळायला गेलती तवा मी एकटाच टावेल घिऊन बसलोतो. करून बघितलं. आपणच आपली बोटं दाबायची आणि आपणच किती ते वळखायचं, त्यात काय राम न्हाई आक्का.