सानगडीच्या बाजारातली आदर्श आई

सानगडी, जानेवारी १९८३, बाजाराचा दिवस

अजून आनंद मनात मावत नाही! बाजारात साबणाच्या कंपनीची गाडी आली होती. माइकवाला ओरडत होता, "सदरा सगळ्यात पांढरा धुणारी, ती आदर्श आई!" मी शाळेत शिकवते, घरचं धुणं हे करतात. पण चारचौघांत कधी सांगितलं का आम्ही? आज हे सरळ पुढे गेले.

"भाऊ, हे आईसाठी आहे."

"मंग? पोराचे कपडे मीच धुतो ना!"

लोक खदाखदा हसले. पण काय कॉलर घासली ह्यांनी! पाहायला जमलेल्या बायांनी ह्यांचाच सदरा निवडला. तरी माइकवाल्यानं बक्षिसाची बादली माझ्याच हाती दिली.

"मले कायले? धुतला यायनं, यायले द्या!"

एवढ्या मोठ्यानं मी बोलले? हे लाजले, पण बादली घेऊन माझ्यासोबत बाजारभर फिरले.